फेकणारे पंप, ढकलणारे पंप

रत्नागिरी,
१४ एप्रिल १९८६

चि. बकुळा हिस आशीर्वाद.

तू विचारण्याआधीच सांगते : पंप चालला.

शनिवारी या हंगामाचा पहिला आंबा कापला. रस गाळणी यंत्रातून खालच्या टाकीत उतरला, पंप सुरू झाला आणि रस नळातून वरच्या वाफेच्या कढईत जाऊन पडला. बायका हातातल्या सुऱ्या टाकून बघायला आल्या. मी रागावले नाही, यावरून काय ते समज. गेल्या वर्षापर्यंत हाच रस त्यांनी बादल्यांतून, निसरड्या लोखंडी जिन्यावरून वर नेला. सखू म्हणाली, "बाय, रस आपल्या पायानं वर चालत गेला." अजून शाळेत शिकवत असते तर हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवले असते.

आमच्या बागायतदार संघाचे अध्यक्ष आप्पा हेही येऊन पाहून गेले. मार्चमध्ये तू एकटी आलीस, दिवसभरात पंप बसवलास, पाण्यावर चालवून दाखवलास आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेलीस, तेव्हा ते म्हणाले होते, "पुण्याच्या कंपनीनं पोर पाठवलीन." मी त्यांना सांगितले, या कारखान्याची व्यवस्थापक म्हणून मी पंप घेतला आहे, भाची नव्हे. तीन कंपन्यांची माहिती मागवून, वाचून घेतला आहे.

तुझ्या साहेबांची अट तुझ्या पत्रातून कळली. हा एक पंप हंगामभर तक्रारीशिवाय चालला तर तुला यापुढे बाहेरगावची उभारणीची कामे मिळणार. नाहीतर कॅटलॉग लिहिण्याच्या टेबलाशी कायमचे बसवणार. परीक्षा कडक आहे. पण तुझ्यासाठी मी काही झाकून ठेवणार नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच मी 'चालला' म्हणते त्याला किंमत आहे.

एक लहानशी गळती होती. ती आज संध्याकाळी आम्हीच बंद केली. आमचा पंपवाला गंगाराम तुला आठवत असेल, विहिरीवरच्या पंपावर उभा जन्म काढलेला. त्याने पाना घेऊन घट्ट केले. एवढ्यासाठी कंपनीला त्रास कशाला?

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी मावशी,
सत्यवती

*

पुणे,
१८ एप्रिल १९८६

ती. मावशीस नमस्कार.

'पंप चालला' हे दोन शब्द मी ऑफिसात मोठ्याने वाचले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "हंगाम संपू दे." बस. पण शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी चहा मागवला, आणि पहिल्यांदाच मला न विचारता माझ्यासाठीही मागवला.

सखूचे वाक्य मी भिंतीवर लावले आहे.

एक मात्र लगेच कर. गळती बंद केली असे लिहितेस. पंपाचा दांडा जिथून आत जातो, तिथल्या ग्लँडमधून थेंब थेंब गळायलाच हवे. त्या थेंबांनीच आतले दोरीचे पॅकिंग ओले आणि थंड राहते. अगदी कोरडे केले तर ते जळेल. गंगारामकाकांना म्हणावे, नट थोडे सैल करा. एरवी कोणी पंप गळतो म्हणाले की मला धडकी भरते, पण ही गळती चांगली.

आंबे पाठवू नकोस. पाठवलेस तर पेटीवर साहेबांचे नाव नको.

तुझी,
बकुळा

*

रत्नागिरी,
२१ एप्रिल १९८६

चि. बकुळा,

तुझे पत्र आज आले. ग्लँड ठीक ठिबकते आहे. तिला आम्ही हातही लावलेला नव्हता. पण आता त्याला महत्त्व नाही. पंप बंद आहे.

मागच्या मंगळवारी सकाळी गंगारामने बटण दाबले. जात्यात खडा सापडावा तसा आवाज झाला आणि लगेच वरच्या नळाचा जोड उडाला. रस छपराच्या पत्र्याला लागला. गंगाराम डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला. बायका हसल्या. कोणाला इजा नव्हती, म्हणून मी हसू दिले. जोड नव्या बोल्टांनी आवळला. बुधवारी जोड टिकला, पण पंपाच्या पोटातली रबरी बाही फाटली आणि रबराचे तुकडे रसात आले. ती टाकी सगळी ओतून द्यावी लागली. तेव्हा कोणी हसले नाही.

तू देऊन गेलेली जादा बाही बसवली आहे. मात्र माझ्या परवानगीवाचून बटणाला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली आहे. इतके दिवस मी स्वतः कारण शोधत होते. सापडले नाही, म्हणून लिहिते. ट्रंक कॉलही लावून पाहिला. कोल्हापूरच्या एक्सचेंजमधल्या बाईंचा आवाज उत्तम आला, पुण्याचा आला नाही.

बादल्या पुन्हा खाली निघाल्या. सखूने पदर खोचून पहिली उचलली. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते.

आप्पा म्हणतात, "बाई, कंपनीला तार मारा. पोरीच्या हातचं काम, दुसरं काय व्हनार?" मी म्हटले, "दोष पोरीचा की पंपाचा की आपला, ते आधी ठरू द्या." कारण कळल्याशिवाय तक्रार लिहू नये, हे मी मुलांना एकतीस वर्षे सांगत आले. म्हणून महिनाअखेरपर्यंत थांबते. हे भाचीसाठी नाही. मे लागला की कंपनीला पत्र जाईल, मग तुझ्या टेबलाचे जे व्हायचे ते होवो.

तोवर डोके चालव. तुझे डोके चांगले आहे.

सत्यवती

*

पुणे,
२४ एप्रिल १९८६

ती. मावशीस नमस्कार.

पत्र वाचून मी जिन्यात जाऊन बसले होते. आता टेबलाशी आहे. 

रबर फाटायची तीन कारणे मला सुचतात. टाकीत रस नसताना पंप कोरडा चालला का? रबराला रसाचाच ओलावा लागतो, कोरडा फिरला तर पोलादी दांडा त्याला घासून फाडतो. की कोयीचा एखादा कपचा आत गेला? की रस फार गार, घट्ट झाला होता? पहिले कारण सर्वांत जास्त वेळा घडते, म्हणून विचारते. रागावू नकोस.

आणि गळती ग्लँडची नव्हती, तर कुठली होती?

मी रजा काढून येऊ शकते. पण रजेचे कारण सांगावे लागेल, आणि ते कळताच साहेब माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवतील. तो एका दिवसात दुरुस्त करेलही. मग माझ्यासाठी एकच दार उरेल, कॅटलॉगचे. मला तिथे बसायचे नाही, मावशी. मला पंपाशेजारी उभे राहायचे आहे. हाताला ग्रीस लागले की मी शहाणी होते.

तुला एक काम सांगते. गंगारामकाका शेडमध्ये शिरल्यापासून रस वर पडेपर्यंत त्यांचे हात जे जे करतात ते सगळे मला लिही. हे काय लिहायचे, हे तर कोणीही करतो, असे म्हणून काही गाळू नकोस.

तुझी,
बकुळा

*

रत्नागिरी,
२७ एप्रिल १९८६

चि. बकुळा,

पंप कोरडा चालवला का, हे तू मला विचारलेस. तुला मी सायफन शिकवला तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस. असो. प्रश्न योग्य होता. उत्तर : नाही. कोय नाही, गारठाही नाही. इथे एप्रिल आहे.

आज शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. गंगारामला म्हटले, बटण सोडून सगळे करून दाखव.

तो चपला बाहेर काढतो. पंपाला हात लावून नमस्कार करतो. टाकीचे झाकण उचलून, पंपाकडे जाणाऱ्या नळाचे तोंड रसाखाली बुडाले आहे ना, ते पाहतो. ग्लँडखाली बोट धरतो, थेंब पडला की समाधान. दांड्याला हाताने थोडा फेरा देतो, अडकत तर नाही ना म्हणून. मग वर जाणाऱ्या नळावरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो. मग बटण. मग कान देऊन ऐकतो. मोटरचा सूर एकसारखा लागला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, आणि रस वर जाऊ लागतो.

यातले काही मला शिकवावे लागले नाही. विहिरीवरचा पंप इथे सगळे असाच सुरू करतात आणि तेच शास्त्रशुद्ध आहे. व्हॉल्व्ह उघडा असेल तर पंप सुरू होताच पाण्याचा सगळा लोंढा उचलायला जातो आणि मोटरवर भार येतो. बंद असेल तर मोटर आधी वेग घेते, मग काम. शाळेतल्या मुलांना विहिरीवर नेऊन मी हे दाखवत असे. तुझ्या पंपावर एवढी शिस्त दुसरीकडे क्वचित पाळली जात असेल.

गळतीचे विचारतेस. पंपाच्या पुढच्या तोंडापासून एक आखूड नळी निघून परत टाकीत येते. तिच्यावर पितळी टोपी आणि मधोमध स्क्रू आहे. पंप सुरू करताना दर वेळी त्या नळीतून रस परत टाकीत पडायचा. वर न्यायचा रस खालीच फिरवायचा, हा कुठला न्याय? माझ्या सांगण्यावरून गंगारामने तो स्क्रू पार आवळला. त्यानंतर तिथून थेंब पडलेला नाही. या पंपात सध्या तेवढी एकच गोष्ट ठीक आहे.

मे जवळ आला आहे.

सत्यवती

*

तार
पुणे, ३० एप्रिल १९८६

पंप सुरू करू नका. पितळी स्क्रू पूर्वीइतका सैल करा. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडून सुरू करा. पत्र येत आहे. बकुळा.

*

पुणे,
३० एप्रिल १९८६

ती. मावशीस नमस्कार.

तार पोचली असेल, आणि तू ती मानली नसशील. म्हणून लगेच हे पत्र.

तुझे शास्त्र बरोबर आहे. गंगारामकाकांची शिस्तही बरोबर आहे. फक्त ती दुसऱ्या घराण्याची आहे.

पंपांची नावे शंभर असतील, पण घराणी दोनच. काही पंप फेकतात, काही ढकलतात.

विहिरीवरचा पंप फेकणारा. ओली छत्री गरकन फिरवली की थेंब कडेने उडतात, तसे त्याच्या पोटातले चाक पाण्याला मधून धरून कडेला भिरकावते. त्या वेगाच्या जोरावर पाणी नळात चढते. व्हॉल्व्ह बंद असला तर? चाक तेच पाणी ताकासारखे घुसळत बसते. फार झाले तर पाणी कोमट होईल. म्हणून तो बंद व्हॉल्व्हवर सुरू करायचा, आणि तू मुलांना शिकवलेस ते अगदी खरे.

आमरस मात्र दाट. त्याला फेकायला गेले की चाक नुसते फिरते, रस जागचा हलत नाही, वर फेस होतो. त्याला ढकलावे लागते. तुमचा पंप म्हणजे चकलीचा सोऱ्या समज. पोलादी मळसूत्र रबरी बाहीत फिरते. दोघांच्या मध्ये बंद कप्पे तयार होतात आणि ते पुढे पुढे सरकत जातात. कप्प्यात सापडलेला रस पुढे जाणार म्हणजे जाणारच. मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेला घास बाहेर पडलाच पाहिजे. हापशाचा दट्ट्या, इंजिनात तेल फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, हे सगळे याच घराण्यातले. त्यांना घुसळत बसणे ठाऊक नाही. पुढची वाट बंद केली तरी ते ढकलतच राहतात, आणि शेवटी जे सर्वांत कच्चे असेल ते फुटते. मंगळवारी जोड कच्चा होता. तुम्ही तो पक्का केलात, म्हणून बुधवारी रबर.

आणि ती नळी. ती गळती नव्हती, मावशी. चुकून वाट बंद राहिलीच तर रसाला परत टाकीत यायची ती आडवाट. टोपीखाली स्प्रिंग आहे. दाब वाढला की ती उचलली जाते. दोन दिवस तुमचा पंप तिनेच वाचवला. तिचा स्क्रू आवळणे म्हणजे कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवणे.

यात दोष कोणाचा, ते मला कालच कळले. मार्चमध्ये मी स्वतः व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप सुरू केला. तुम्ही सगळे उभे होतात. पाहिले म्हणजे समजले, असे मी धरून चालले. तोंडाने एक शब्द सांगितला नाही.

सोऱ्याचे खोटे वाटत असेल तर करून बघ.

तुझी,
बकुळा

*

रत्नागिरी,
५ मे १९८६

चि. बकुळा,

तार मिळाली आणि मी ती मानली नाही. एवढे तुला बरोबर कळले.

पत्र शनिवारी आले. दोनदा वाचले. मग घरी सोऱ्यात चकलीचे पीठ भरले, खाली भोके नसलेली चकती घातली आणि दाबले. पीठ दट्ट्याच्या कडेने उलटे वर येऊन माझ्या कोपरापर्यंत पोचले. चकतीतून काहीच गेले नाही, आणि मी जोर लावायचे थांबले नसते तर सोऱ्याचा कान तुटला असता. प्रयोग सिद्ध झाला. पदर धुवायला टाकला.

काल रविवारी मी आणि गंगाराम कारखान्यात गेलो. स्क्रूवर तू लाल रंगाची खूण केली होतीस, तिथपर्यंत तो सैल केला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. गंगाराम बटणापाशी जाऊन मागे फिरला. "बाय, तुमी दाबा. उगड्या व्हॉल्व्हावर माज्या हातून नाय व्हयाचं." मी दाबले.

बकुळा, मी आयुष्यात बरीच यंत्रे पाहिली. विहिरीवरचा पंप सुरू होताना आरडाओरडा करतो, पाणी धापा टाकत येते. हा तसा नाही. घुमल्यासारखा एक खालचा सूर, आणि वरच्या नळातून रसाची जाड, अखंड, चकाकणारी धार. फेस नाही. धक्का नाही. मी व्हॉल्व्हवर हात ठेवून उभी होते, आत रस सरकताना लागत होता. आतले मळसूत्र मी रबर बदलताना हातात घेऊन पाहिले होते. पोलादाला असा पीळ द्यायचा की प्रत्येक फेऱ्याला एक कप्पा मागे मिटेल आणि एक पुढे उघडेल, हे ज्याला सुचले त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार. जोर नाही, घाई नाही, पण घेतलेला घास परत द्यायचा नाही. असे विद्यार्थी मला फार थोडे मिळाले.

नंतर गंगारामला विचारले, "मार्चमध्ये ताईने व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप सुरू केला, ते तू पाहिलेस ना?"

"बगितलं की."

"मग?"

"माला वाटलं, ताई शिकलेल्या, पण व्हॉल्व्ह बंद करायचा इसरल्या. चार मान्सांत कसं सांगायचं? पावनी आलेली. वर तुमची भाची. म्हटलं, त्या गेल्यावर आपन बरोबर करू."

तर अशी ही गोष्ट. तू धरून चाललीस की पाहिले म्हणजे कळले. त्याने मनाशी ठरवले की पाहुणीची चूक चारचौघांत काढू नये. आणि मला नळीतून परत येणारा रस बघवला नाही. तिघेही आपापल्या जागी नीट वागलो, आणि पंप फुटला.

आप्पा आले होते. जिना चढून त्यांनी धार जवळून पाहिली. "पोरीनं पुन्यात बसून वळखलान?" म्हणाले. मी हो म्हटले. "न बगता?" मी म्हटले, न बघता, माझे पत्र वाचून. त्यांनी पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या टाकी-कढईलाही असाच पंप घ्यायचे ठरवले आहे. तसे पत्र आजच कंपनीला जाईल. त्यात हा सगळा प्रकारही असेल. स्क्रू माझ्या हुकमाने आवळला, हेही. तू काही झाकू नकोस.

सत्यवती

*

पुणे,
९ मे १९८६

ती. मावशीस नमस्कार.

तुझे पत्र येण्याआधीच मी माझा अहवाल दिला होता. लिहिले की ढकलणारा पंप सुरू करण्याची रीत वेगळी असते, ती चालवणाऱ्याला तोंडी सांगून त्याच्या हातून करून घ्यायला हवी होती. मी ते केले नाही. दोष माझा.

साहेबांनी तो वाचला, मग तुझे पत्र वाचले. म्हणाले, "ग्राहकाने सुरक्षा व्हॉल्व्ह आवळला, एवढी एक ओळ पुरली असती. बाई स्वतः कबूल करतायत. तुम्ही स्वतःवर कशाला ओढवून घेतलंत?" मी म्हटले, तसेच घडले म्हणून. ते म्हणाले, "मग अट अटच राहते."

जूनपासून मी कॅटलॉगवर. तुमचा दुसरा पंप बसवायला एक अनुभवी गृहस्थ येतील. साहेब तुला तसे कळवणार आहेत. ते गृहस्थ चांगले आहेत, त्यांना चहा जास्त गोड लागतो.

मी रडले नाही. म्हणजे ऑफिसात नाही.

कढईत पडणारी ती धार मला एकदा बघायची होती.

बकुळा

*

रत्नागिरी,
१३ मे १९८६

माननीय व्यवस्थापक, सेवा विभाग यांस,

महोदय,

आपले पत्र पोचले. आमच्या दुसऱ्या पंपासाठी आपण अनुभवी गृहस्थ पाठवू इच्छिता. त्यांच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. तरीही ते नकोत. कारणे लिहिते.

माझा पंप पुण्यापासून दूर, कातळावरच्या एका शेडमध्ये बंद पडला होता. आपल्या अभियंत्याने तो न पाहता, फक्त माझ्या पत्रावरून दोष ओळखला. ते पत्र मी अशा खात्रीने लिहिले होते की वाचणाऱ्याने माझ्यावरच विश्वास ठेवावा. त्यात आमची चूक ही शिस्त म्हणून लिहिली होती आणि दुसरी चूक ही दुरुस्ती म्हणून. मी तिची मावशी आहे आणि तिची शिक्षिकाही होते. माझे चुकते असे मला सांगणारी माणसे या गावात फार नाहीत. तिने तारेने सांगितले, आणि मग मला पटेल अशा भाषेत समजावले. आमच्या पंपवाल्यालाही ते पटले, आणि त्याला पटवणे माझ्यापेक्षा कठीण आहे.

राहिला तिच्या अहवालाचा प्रश्न. मी एकतीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तर चुकणारी मुले पुष्कळ. चूक दाखवली की प्रश्नपत्रिकेला दोष देणारी त्याहून पुष्कळ. उत्तर बरोबर आल्यावरही मागे जाऊन, आपल्याच हाताने पहिल्या पायरीवरच्या चुकीभोवती वर्तुळ काढणारी मुलगी मला सबंध नोकरीत एक भेटली. ती आता आपल्याकडे आहे, आणि आपण तिला यंत्रापासून दूर बसवत आहात.

कॅटलॉगला बरोबर लिहिणारा माणूस हवा, हे मान्य. पण यंत्रापाशी खरे बोलणारा माणूस त्याहून निकडीने हवा. तिथे खोटे बोलले तर पुढच्या गावातही जोड उडतो. आमच्याकडे रस उडाला. दुसरीकडे उकळते काही असेल.

अट आपण घातली होती, ती पंप हंगामभर विनातक्रार चालण्याची. आमची तक्रार पंपाबद्दल नव्हती आणि नाही. तशी ती कधी आपल्याकडे आलेलीही नाही. आपण कागद तपासून पाहावेत. तिला अनुत्तीर्ण कशात केले, ते मला समजले नाही. मी परीक्षक असते तर हा निकाल परत पाठवला असता.

संघाच्या समितीने काल ठराव केला आहे. दुसरा पंप कुमारी बकुळा बसवणार असतील तरच घ्यावा. ठराव अध्यक्ष आप्पा यांनी मांडला, हे मुद्दाम नमूद करते. मी नाते असल्यामुळे मतदानाच्या वेळी बाहेर गेले होते.

हे पत्र तिला दाखवू नये. तिला अजून बरेच शिकायचे आहे.

आपली विश्वासू,
सत्यवती
व्यवस्थापक

*

पुणे,
२४ मे १९८६

ती. मावशीस नमस्कार.

हे पत्र घाईत आहे, कारण मी सामान भरते आहे.

काल साहेबांनी बोलावले. तुझे पत्र त्यांच्या पुढ्यात होते. अक्षर मी दारातूनच ओळखले. म्हणाले, "या बाई शाळेत शिकवत होत्या ना?" मी हो म्हटले. "वाटलंच," म्हणाले, आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली. मग म्हणाले, "सांगलीकडे एका साखर कारखान्यात मळीचा पंप बसवायचाय. सोमवारी निघा."

मी विचारले, बरोबर कोण?

"कशाला कोण हवंय?"

एकटी चालले आहे, मावशी! कॅटलॉग दुसरा कोणी लिहील. तुमचा दुसरा पंप ऑक्टोबरात, तोही मीच.

तू लिहिलेस तरी काय? हेडक्लार्क सांगतात, साहेबांनी ते पत्र जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा वाचले, आणि मधे जेवलेच नाहीत.

तुझी,
बकुळा

*

रत्नागिरी,
२९ मे १९८६

चि. बकुळा,

हे पत्र साखर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. तिथल्या टपालात तुझे नाव 'श्री.' म्हणून लिहिले गेले तर दुरुस्त करून घे.

मी काय लिहिले, ते कार्यालयीन पत्र आहे. तुला कळण्याची गरज नाही.

मळी आमरसाहून दाट, आणि गार झाली की हटवादी. तिला थोडी ऊब द्यावी लागेल, ते तू पाहिले असशीलच. तिथे गेल्यावर लगेच पंपाला हात घालू नकोस. आधी तो चालवणारा माणूस शोध आणि जुना पंप तो कसा सुरू करत असे, ते करून दाखवायला सांग. मधे बोलू नकोस. मग तुझे सांग, आणि त्याच्या हातून करून घे. तो मान डोलावेल. मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे. पुन्हा करून घे.

साडी की पँट, हा तुझा प्रश्न आहे, पण दांड्याजवळ सैल टोक नको. पायात बूट घाल. मळीवर पाय घसरतो.

इथे शेवटचा आंबा आला आहे. बादल्या सखूने घरी नेल्या, आता त्यांत ती अबोलीची रोपे लावणार म्हणते. पंप गंगारामच सुरू करतो. व्हॉल्व्ह उघडताना अजून माझ्याकडे बघतो.

काल मी बाजारातून पेढे आणून कारखान्यात सगळ्यांना वाटले. गंगारामने विचारले, "कसले पेढे, बाय?" पंप सुरू झाल्याचे, असे मी सांगितले.

"पंप तं म्हयन्यामागं सुरू झाला," तो म्हणाला.

मी त्याला आणखी एक पेढा दिला आणि कामाला लावले.

मावशी